सोनबर्डीचा मधपाळ

दुसऱ्याच्या माथ्यावरचे ओझे उतरवून घ्यावे, हा धर्म आहे. याविषयी कोणत्याही शास्त्रात दुमत आढळत नाही. परंतु जे आपल्याला ओझे दिसते ते त्या माणसाला ओझे वाटते की नाही, हे आधी त्यालाच विचारावे, हाही धर्मच आहे, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. पहिला पाळताना आपण चांगले असल्याचा आनंद मिळतो. दुसरा पाळताना पुष्कळदा हात बांधून बसावे लागते. विश्वनाथशास्त्री यांनी पहिला धर्म जन्मभर निष्ठेने पाळला. दुसरा त्यांच्या हातून एकदाच मोडला, तोही प्रेमापोटी.

शास्त्रीबुवा शहराच्या महाल भागातल्या एका शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. वय एकोणऐंशी. पत्नी नीलाताई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. मुलगा उन्मेष पुण्यात नोकरीला, आणि हे दोघे महालातच एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडच्या गॅलरीत हिवाळ्याचे ऊन अकरापर्यंत रेंगाळते अशा दोन खोल्यांत राहत. शास्त्रीबुवांनी काही प्राचीन ग्रंथांच्या सटीप आवृत्त्या सिद्ध केल्या होत्या. त्या आवृत्त्यांची मुद्रिते चौतीस वर्षे नीलाताईंनी तपासली. बारीक टाइपातल्या तळटीपा, पाठभेदांच्या याद्या, शुद्धिपत्रे, सारे त्यांच्या डोळ्यांखालून गेले. त्याबद्दल प्रस्तावनेत एकेक ओळ असे, आणि ती ओळही त्याच तपासत.

त्यांचे स्वतःचे वाचन मात्र निराळे होते. त्यांना सोनबर्डीच्या कथा आवडत. सातपुड्याच्या पायथ्याशी कल्पिलेल्या एका शेतमळ्यावरची ही रहस्यकथांची माला. तिच्यात खून होतो, परंतु रक्त दिसत नाही. गोठ्यामागे, चाऱ्याच्या कोठीत, संत्र्यांच्या पेट्यांआड कोणी तरी निष्प्राण सापडतो, आणि तरीही गाईंची धार वेळेवर काढावी लागते, कोंबड्यांना दाणे टाकावे लागतात, पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. दुःखाला तेथे सतत कामाची संगत असते. बँकेतली नोकरी सोडून मावशीचा मळा सांभाळणारी नंदिनी प्रत्येक पुस्तकात गुन्ह्याचा छडा लावते. गुरांचा डॉक्टर विक्रम प्रत्येक पुस्तकात कोणत्या तरी जनावराला तपासायला येतो, चहा घेतो, आणि मनातले न बोलता निघून जातो. अकरा पुस्तके हे असे चालले होते. आणि या सर्वांच्या कडेला होता बळीराम, मळ्याचा वृद्ध मधपाळ. तो फारसे बोलत नसे. नंदिनीच्या उंबऱ्यावर सणासुदीला मधाचे पोळे ठेवून जाई. नीलाताईंचा जीव सर्वांत जास्त जडला होता तो या बळीरामावर.

ही पुस्तके खालच्या मजल्यावरच्या प्रेमिलाबाईंची. त्या कन्हानच्या खाणीच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर इकडे राहायला आल्या. पुस्तक आधी त्या वाचत, मग वर पाठवत. दोघींमध्ये एक नेम ठरलेला होता. जिचे वाचून झाले तिने तोंड शिवून घ्यायचे. दुसरीचे होईपर्यंत पुस्तकाविषयी अवाक्षर काढायचे नाही. प्रेमिलाबाई तर एवढ्या कडक की नीलाताईंचे वाचन चालू असेतो त्या वर चहालासुद्धा येत नसत. जिन्यात भेट झाली तर म्हणत, "माह्याकडे पाहू नका ताई. माह्या तोंडावर सगळं दिसून जाते."

शास्त्रीबुवांना हा प्रकार पोरकट वाटे; पण पत्नीचे सुख म्हणून त्यांनी कधी टीका केली नाही.

दोन वर्षांपूर्वी नीलाताईंना काचबिंदू असल्याचे निघाले, आणि तेही उशिरा. दिवसातून तीनदा थेंब सुरू झाले. दृष्टीच्या कडा आत आत येत गेल्या. समोरचे दिसे, पण नळीतून पाहावे तेवढेच. गेल्या मार्गशीर्षात डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले, "काकू, गेलेली नजर परत येत नाही. पण वाचल्यानं नजर झिजते असं मनात आणू नका. जे जायचं ते तसंही जातं. आहे तोवर आवडेल ते वाचा." मग बाहेरच्या बाकापाशी शास्त्रीबुवांना वेगळे गाठून ते म्हणाले, "मधली नजर अजून टिकून आहे. किती दिवस टिकेल, ते मात्र मला सांगता यायचं नाही."

नजर किती टिकेल सांगता येत नाही, हे शास्त्रीबुवांनी मनावर घेतले. वाचल्याने नजर झिजत नाही, यावर त्यांचा विश्वास बसला नाही. चौतीस वर्षांची मुद्रिते त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. ज्या डोळ्यांनी आपल्या टीपा वाचल्या ते आपणच झिजवले, ही टोचणी त्यांनी कोणाला सांगितली नाही.

त्याच आठवड्यात प्रेमिलाबाईंनी सोनबर्डीचे बारावे पुस्तक वर पाठवले. मालेतले हे शेवटचे, असे मलपृष्ठावर छापले होते.

उन्मेषने पुण्याहून टॅब पाठवला होता. अक्षर हवे तेवढे मोठे करता येई. पण नळीतून पाहणाऱ्याला मोठ्या अक्षराचा उपयोग नसतो. पडद्यावर तीन शब्द मावत, आणि चौथा येईपर्यंत पहिला निसटे. मोबाइलमधली बाई पुस्तक वाचून दाखवी, तीही त्यांनी एक दिवस ऐकून पाहिली.

"ही खून आणि खुरपणी एकाच सुरात सांगते," नीलाताई म्हणाल्या. "हिला कशाचंच काही वाटत नाही."

शेवटी प्रेमिलाबाईंनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा काळा रंगवून त्यात एका ओळीएवढी फट कापून दिली. ती फट पानावर ठेवायची, एक ओळ वाचायची, खाली सरकवायची. गॅलरीतल्या उन्हात साडेनऊ ते अकरा. दिवसाला सहा पाने होत. डोळ्यांतून पाणी येई, ते पुसून त्या पुन्हा फट लावत. मधूनच ओळ हरवे, मग तीच ओळ दोनदा, तीनदा. पुस्तक दोनशे बारा पानांचे होते.

शास्त्रीबुवा समोरच्या खुर्चीवर जप करीत बसत. पण जपाकडे लक्ष नसे. त्यांना पत्नीच्या कपाळावरची आठी दिसत होती. ओळ सापडली की ओठांच्या कोपऱ्यात जे हसू उमटे ते त्यांच्या ध्यानात आले नाही.

एकदा ते म्हणाले, "दे इकडे. मी वाचून दाखवतो."

त्यांनी एक पान वाचले. प्रत्येक वाक्यानंतर थांबले, जणू आता अन्वय सांगायचा आहे. गाईच्या आचळाला सूज आल्याचे वर्णन त्यांनी अशा गांभीर्याने केले की नीलाताईंना हसू आवरेना.

"अहो, तुमच्या आवाजात सगळेच निर्दोष वाटतात. मला माझं वाचू द्या."

त्यांनी पुस्तक परत दिले. मात्र मनात एक विचार येऊन बसला.

दुपारी नीलाताई दोन तास झोपत. सलग दोन दुपारी शास्त्रीबुवांनी ते पुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत वाचून काढले. कर्तव्य म्हणून ते बसले होते. पण पन्नासाव्या पानानंतर त्यांचे त्यांनाच नवल वाटू लागले. दूधसंघाचा व्यवस्थापक चाऱ्याच्या कोठीत मृत सापडला होता, त्या दिवशी एक गाय अडली होती, विक्रम रात्रभराचा भिजलेला उभा होता, आणि नंदिनी त्याला कोरडा टॉवेल देताना त्याच्याकडे पाहत नव्हती. शास्त्रीबुवांनी चष्मा पुसला. येथे रस आहे, असे ते स्वतःशीच म्हणाले. कोणाला कमी लेखण्याचे आपल्याला काही कारण नव्हते.

आणि याच आनंदाच्या भरात त्यांची ती चूक झाली. संस्कृतात वाढलेल्या माणसाकडूनच ती व्हावी अशी होती. त्यांनी जे जे काव्य आजवर वाचले, शिकवले, त्यात पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. राजाला शाप मिळणार, वियोग होणार, पुन्हा भेट होणार; सूत्रधार तर पडदा उघडताच सारे सूचित करतो. कथा माहीत असल्याने रसाची हानी होते, असे त्यांच्या कोणत्याही गुरूने सांगितले नव्हते. तेव्हा नीलेला शेवट सांगून टाकावा. तिच्या डोळ्यांचे शंभर पानांचे श्रम वाचतील, आणि हानी कशाचीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाताई एकशे अठराव्या पानावर होत्या. एकच ओळ तिसऱ्यांदा लावत होत्या.

"नीला, पुरे कर आता. मी वाचले आहे सगळे."

त्यांनी मान वर केली. "तुम्ही? सोनबर्डी?"

"दोन दुपारी. फार सुंदर आहे."

नीलाताईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की शास्त्रीबुवांना कित्येक वर्षांत तसा पाहिल्याचे स्मरले नाही. "विक्रम कसा वाटला?"

"चहा फार पितो."

त्या मोठ्याने हसल्या. "मी म्हणते ना, एखाद्या पुस्तकात त्याला कॉफी द्या, म्हणजे बोलेल तरी."

"म्हणूनच म्हणतो, डोळ्यांना इतका शीण कशाला?" शास्त्रीबुवा प्रसाद वाटावा तशा स्वरात म्हणाले. "त्या व्यवस्थापकाला बळीरामाने मारले. मधपाळाने. मधातून विष दिले. जुन्या जमिनीचे काही वैर होते. आता तू निवांत झालीस."

नीलाताईंचा हात फटीवरून हलला नाही. बाहेर कोणी तरी स्कूटर सुरू करण्याचा प्रयत्न करीत होते, तेवढा आवाज येत राहिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "थोडं पाणी देता?"

ते पाणी घेऊन आले तेव्हा पुस्तक मिटलेले होते.

"त्याला पकडतात?"

"नाही. तो स्वतःच सांगतो. नंदिनीला."

"हं."

त्या दिवशी शास्त्रीबुवा संतुष्ट होते. दुसऱ्या दिवशीही होते. तिसऱ्या दिवशी त्यांना जाणवले की साडेनऊला पत्नी गॅलरीत येऊन बसते, ऊन अंगावर घेते, आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहते.

"मधली पाने वाच की," ते म्हणाले. "वर्णने उत्तम आहेत. रामकथा सर्वांना ठाऊक असते, म्हणून आपण ऐकायची सोडतो का?"

"रामाला मी ओळखते हो. तो शेवटपर्यंत रामच असणार, म्हणून ऐकते." त्या हळू बोलत होत्या, रागाचा लवलेश नव्हता. "बळीराम तसा निघाला, ते मला माझं कळायला हवं होतं. आधी संशय आला असता. मग दहा पानं मी म्हटलं असतं, नाही, तो नसेल. अकरा पुस्तकांचा माणूस. हळूहळू सोडला असता त्याला."

"अजूनही…"

"आता पान उघडलं की मला त्याचे हातच दिसतात."

शास्त्रीबुवा उठले. ते खाली गेले आणि प्रेमिलाबाईंच्या दारावरची घंटा वाजवली. आत न बसता, उंबऱ्यातच उभे राहून, त्यांनी काय केले ते सांगितले.

प्रेमिलाबाई म्हणाल्या, "सांगून टाकलं? बळीरामाचं?"

"हो."

"काहून, गुरुजी?"

"तिचे डोळे…"

"डोळे!" त्यांनी कपाळाला हात लावला. "महिना झाला, मी तोंडाले कुलूप लावून बसली. पुस्तक वर पाठवायच्या आधी दोन दिवस विचार करून राहिली होती, का ताईले हे झेपते का नाही. बळीरामासाठी मी स्वतः रडली. इथं, याच सोफ्यावर. तरी पाठवलं. काहून का हे तिचं हाय. आपलं नाही." त्या थांबल्या. समोरच्या वृद्धाचा चेहरा पाहून त्यांचा स्वर उतरला. "बसा गुरुजी. उभे काहून आहात?"

"दुसरे असे पुस्तक मिळेल का?"

"पुस्तकं लय हायेत. मळ्यावरची, डोंगरावरची, चहाच्या बागेतली. आणून देते मी. पण त्यात बळीराम नाही ना. अकरा पुस्तकं ओळखीचा माणूस एका दिवसात कुठून आणू?"

शास्त्रीबुवा जिना चढू लागले. मधल्या वळणावर थांबून त्यांनी एक निश्चय केला, जो त्यांनी एकोणऐंशी वर्षांत कधी केला नव्हता. वर येऊन त्यांनी खुर्ची पत्नीजवळ ओढली.

"नीला, त्या दिवशी मी थट्टा केली. बळीराम नव्हे तो. दुसराच आहे. तू वाच."

नीलाताईंनी त्यांच्याकडे मान वळवली. त्यांच्या नळीएवढ्या दृष्टीत पतीचे डोळे आले, मग नाक, मग ओठ. त्या एकेक करून पाहत होत्या.

"तुम्हाला थट्टा येत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

प्रेमिलाबाईंनी खरेच दुसरे पुस्तक आणले. कोकणातल्या आंब्याच्या बागेवरचे, त्यातही एक अबोल प्रेमिक होता. पौष लागला होता. नीलाताईंनी पुस्तक उघडले, काळा पुठ्ठा लावला, आणि पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला. त्यांनी तो थोडा डावीकडे सरकवला. थोडा उजवीकडे. मग पुस्तक प्रकाशाकडे कलते केले.

"ओळ आहे," त्या म्हणाल्या, "पण मधून पुसल्यासारखी दिसते."

डॉक्टरांनी थेंब बदलले. दुसरे काही करण्यासारखे नव्हते, आणि त्यांनी ते लपवले नाही. घरी येताना रिक्षात शास्त्रीबुवांच्या मनात एकच हिशेब फिरत होता, जो कोणी मागितला नव्हता: एकशे अठरा ते दोनशे बारा, चौऱ्याण्णव पाने, दिवसाला सहा. सोळा दिवस. त्यांनी सांगितल्यापासून आजपर्यंत तेवीस दिवस झाले होते. तिचे पुस्तक तिच्याच डोळ्यांनी, पुरेपूर वाचून झाले असते, आणि वर सात दिवस उरले असते.

ते हे बोलले नाहीत. पण नीलाताईंनीही बहुधा ते गणित केले असावे, कारण घरी आल्यावर, चप्पल काढता काढता त्या म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरलाही तारीख ठाऊक नव्हती."

या क्षमेने शास्त्रीबुवा अधिकच खचले. नीलाताईंनी रागावावे, एकदा तरी टाकून बोलावे, असे त्यांना वाटत होते. तिला ती सवय नव्हती, आणि आता ती लावून घेण्याचे वय नव्हते.

मकरसंक्रांतीनंतरची एक सकाळ. नीलाताई गॅलरीत बसल्या होत्या. ऊन कोठून येते ते त्यांना अजून कळत होते. चेहरे कळेनासे झाले होते. शास्त्रीबुवांनी जप संपवला.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या.

"विचार."

"तुम्ही वाचत होतात तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं ना?"

"नव्हते."

"मग बळीराम तुम्हाला कसा वाटत होता? शेवट कळायच्या आधी."

शास्त्रीबुवांनी स्मरणशक्तीला ताण दिला. ज्या मस्तकात सहस्रावधी श्लोक क्रमाने उभे होते तेथे ही दोनशे पाने विस्कळीत पडली होती. पुढे काय, पुढे काय, या त्वरेने त्यांनी ती वाचली होती. शेवट हाती आल्यावर मधले त्यांनी टाकून दिले होते.

"एके ठिकाणी," ते चाचरत म्हणाले, "तो मोहोळाला धूर देतो आहे. नंदिनी दूर उभी आहे. तो तिला म्हणतो, पुढे येऊ नकोस."

"मग?"

"मग पाऊस येतो. तो स्वतःचे घोंगडे पेट्यांवर टाकतो. आणि स्वतः भिजतो." ते थांबले. "याहून मला नीट आठवत नाही, नीला."

"तेव्हा तो तुम्हाला चांगला वाटला?"

"हो."

"आणि नंतर? कुठवर चांगला वाटला?"

शास्त्रीबुवांनी हे स्वतःला कधी विचारले नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे मनात ती पाने चाळली. व्यवस्थापकाची विधवा येते, पोलीस येतात, विक्रम दोनदा चहा घेतो. बळीराम प्रत्येक ठिकाणी कडेला उभा असतो.

"शेवटपर्यंत," ते म्हणाले. "तो स्वतः म्हणाला तोवर मला शंका आली नाही."

नीलाताईंचे डोळे मिटलेले होते, आणि मिटलेल्या पापण्यांवर ऊन होते.

"मग मलाही आली नसती," त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वरात समाधान होते की शोक, हे शास्त्रीबुवांना ठरवता आले नाही, आणि विचारण्याचे धैर्य झाले नाही. त्यांनी पत्नीचा हात आपल्या हातात घेतला. ऊन कठड्याच्या दिशेने सरकले, तसे त्यांनी तिच्या अंगावरची शाल सारखी केली. यापलीकडे त्यांना करता येण्यासारखे काही राहिले नव्हते.

ज्या डोळ्यांनी दुसऱ्याचे ग्रंथ निर्दोष केले, त्या डोळ्यांना आतला उजेड कमी न पडो. ज्याने प्रेमापोटी हानी केली, त्याला ती हानी सोसण्याइतके आयुष्य आणि पत्नीजवळ बसण्याइतके बळ मिळो. जी आपल्या मैत्रिणीसाठी महिनाभर मुकी राहिली, तिच्या घरी बोलायला माणूस येत राहो. सर्वांना शांती लाभो.